दाखला

मी धुराडी झाडतो. कल्नुपेच्या अलीकडच्या अकरा गावांची,
वडिलांच्या ब्रशानं.
आमच्या लाटव्हियात काळा डगला दिसला की
लोक हळूच स्वतःच्या बटणाला हात लावतात, शकुन म्हणून.
दोन वर्षांमागे सप्टेंबरात वेल्टाबाईच्या दारी गेलो
तेव्हा तिनंही लावला.

तिच्या धुराड्यावर करकोच्यांचं घरटं,
गाडीच्या चाकाएवढं.
त्यात काटक्या, शेण, कुणाचा तरी लाल मोजा.
पक्षी ऑगस्टअखेर दक्षिणेला जातात,
घरटं जात नाही.
घरट्याला हात लावायचा नाही, असा कायदा.
चांगला कायदा. लहानपणी शाळेच्या वाटेवर
तारांना चिकटून मेलेले करकोचे
मी बोटांवर मोजलेत, बोटं पुरली नव्हती.

धुराडं वरून झाडल्याशिवाय दाखला नाही,
दाखल्याविना चूल नाही.
हाही चांगला. नदीपलीकडे एका रात्रीत
पाच माणसं जळाली, त्यानंतरचा.
धाकट्याचं नाव मला अजून आठवतं.
त्याआधी मी खालूनच झाडायचो,
काजळीचे पोपडे मांडीवर झेलत,
आणि वेल्टा काळ्या पावाचं गोड सूप द्यायची.

ऐंशीपुढच्या माणसानं
बिनउबेच्या घरात एकट्यानं हिवाळा काढायचा नाही, हा तिसरा.
त्याच्यामागे म्हातारा यूलियस आहे,
मार्चमध्ये सापडलेला,
किटली दोन्ही हातांत धरून.

तीन कागद, तीन कचेऱ्या, तीन शिक्के.
माणसं सगळी सज्जन. झिंत्रा तर फोनवर रडली.
"विजेचा हीटर चालेल?" तिनं विचारलं.
घरातल्या तारा वेल्टाच्या लग्नातल्या.
बदलायच्या तर अर्ज,
आणि अर्जाचं उत्तर बर्फ वितळल्यावर.
"मग मीही जाते दक्षिणेला," वेल्टा म्हणाली,
"परतीचं घरटं तेवढं कायद्यानं राखा."
कुणी हसलं नाही. मी हसलो.
मग दाखल्याच्या रकान्यात "नाही" लिहिलं.
अक्षर माझंच होतं.

नोव्हेंबरात गाडी आली. बकरी शेजाऱ्यानं नेली.
आता तिसऱ्या मजल्यावर तिची खोली,
इतकी गरम की जीव घाबरा व्हावा,
आणि खिडकी चार बोटंच उघडते,
कुणी पडू नये म्हणून.

एप्रिलमध्ये जोडी आली.
जूनपर्यंत कुरण कमरेला लागलं,
ना विळा, ना बकरी. बेडूक गवताखाली गडप.
दोघं कडेला उभी राहायची, एक पाय पोटाशी घेऊन,
नंबर लागायची वाट बघावी तशी.
एका सकाळी उठली
आणि नदीपलीकडे गेली.

यंदा कुणीच आलं नाही.
तीन वसंत रिकामं राहिलं
तर घरटं उतरवता येतं, म्हणे. तेही कलमात आहे.
म्हणजे आणखी दोन.
मग मी वरून झाडीन, दाखला देईन,
चूल रीतसर पेटवता येईल.
वेल्टा सत्त्याऐंशीची आहे.

तिचा फोन येतो. "आली का रे?"
"आली," मी म्हणतो. "परवाच."
पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास.
"मग कुणाला चूल पेटवू देऊ नकोस, ओयार्स,
पिल्लांना धूर लागेल."