दावा पहिला

“प्लास्टिकची अशी वस्तू, जिच्या किमान एका पृष्ठभागावर
लेसरची स्पंदनं पाडल्यामुळे
तो पृष्ठभाग गोंद धरून ठेवतो.”
एवढ्या वाक्यावर वीस वर्षांची मालकी मागितली आहे
हिंगण्याच्या एका कारखान्याने.

सिव्हिल लाइन्स. कूलरचं पाणी संपलंय, नुसता पंखा घरघरतो.
टेबलावर दोन जुने कागद.
एक जपानी, माझ्या दहावीच्या वर्षाचा;
त्यांना फक्त बटणांवरची अक्षरं काळी करायची होती.
दुसरा जर्मन. चिकटवायचं त्यांनाही होतं,
पण वाळूचा फवारा मारून.
पेन्सिलीने तक्ता आखते: प्लास्टिक, लेसर, गोंद.
आहे. आहे. नाही.
आहे. नाही. आहे.

दोन्ही जोडले तर दावा पडतो.
पण हा अर्ज न वाचता
कुणी जोडले असते का?
कायद्यात यासाठी एक माणूस ठेवला आहे,
त्या विद्येत निपुण, सगळे कागद वाचलेला,
कल्पनाशक्ती बेताची.
त्याला घर नाही, जेवणाची सुट्टी नाही.
सोळा वर्षं मी त्याच्या डोक्याने विचार करते
आणि संध्याकाळी गोकुळपेठेत
माझ्या डोक्याने भाजी घेते.

पश्चातबुद्धी टाळावी, असं मार्गदर्शिका सांगते.
टाळते. तरी बकाराम उमाटे आठवतोच.
इतवारीत भांड्यांच्या ओळीच्या तोंडाशी बसून
तडकलेल्या बादल्या सांधायचा.
आधी काचपेपर,
मग तापल्या सळईने टिपक्याला लागून टिपका,
मग ठिगळ.
“गुळगुळीत वस्तूले काहीच धरत नाही जी.
थोडं दुखवा लागते तिले.”
त्याला क्रमांक नाही, आकृती नाही, प्रकाशनाची तारीख नाही.
अहवालाला कागद जोडता येतो,
बादली जोडता येत नाही.
गच्चीवरच्या खुर्चीला मे महिन्याचं ऊन
रोज थोडं थोडं खरबरीत करतं,
तेही नमूद करायला रकाना नाही.

सातवा दावा मात्र तीनदा वाचला.
टिपके मधे दाट, कडेला विरळ,
म्हणजे ताण कडेवर साचत नाही, सांधा उकलत नाही.
जपान्याकडे हे नाही. जर्मनाकडेही नाही.
कुणीतरी रात्री जागून
बरेच तुकडे तोडून पाहिलेत.

घरी आले, पर्स न ठेवताच
न्हाणीतली निळी बादली उपडी केली.
ठिगळ अजून पक्कं आहे.
मोबाइलच्या उजेडात कडेवरून बोट फिरवलं.
इथे टिपके विरळ आहेत.
का त्या दिवशी
त्याची सळई निवत आली होती?

सकाळी टंकलं:
दावा पहिला, कल्पकतेचं पाऊल दिसत नाही.
दावा सातवा,
यावर थांबले. कूलरमध्ये पाणी भरून आले.
हरकत नाही.