अलीकडचा वाढदिवस

डेव्हेंटरच्या कौलारू छपरांखाली
संध्याकाळी साडेपाचला कौल घेणं सुरू होतं.
देवाच्या अंगाला कळी चिकटवून
उजवी पडते की डावी, बघत बसावं,
तसं इथे काही नाही.
कानाला हेडफोन, पडद्यावर पंधरा प्रश्न,
आणि यंत्रच फिरवतं नंबर,
आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा
कुठल्याही घराला हात लावत.

आलेइदा रोस्काम, वय अठ्ठावन्न.
पूर्वी गालिच्यांच्या कारखान्यात हिशेब लिहायची,
आता देशाचा कल लिहिते.
तासाला सत्तावीस नकार, चार शिव्या,
आणि एखादी बाई, जी सगळ्यालाच हो म्हणते
कारण दिवसभरात तिला कुणी काही विचारलेलं नसतं.
नियम असा की हसायचं नाही, हळहळायचं नाही,
"बरोबर" तर चुकूनही म्हणायचं नाही.
म्हणायचं, "नोंदवलं."

मंगळवारी, सात वाजायला पाच मिनिटं असताना
उत्तरेकडचा नंबर लागला, समुद्रालगतचा.
एक म्हातारा. मागे भांडी घासल्याचा आवाज थांबला.
"नमस्कार. युरोपचं संरक्षण आणि युद्ध
याबद्दल लोकांचं मत घेतोय, बारा मिनिटं लागतील.
घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस
सगळ्यात अलीकडे झाला, त्यांच्याशी बोलता येईल का?"

तसा साधाच प्रश्न हा.
जो फोन उचलतो तोच नेहमी बोलू नये,
एवढ्यासाठी ठेवलेला.

"येल्मरचा झाला," तो म्हणाला. "नऊ तारखेला.
तेवीस पूर्ण. आईने केक केला त्याच्या.
आम्हीच खाल्ला."
"त्यांना देता का फोन?"
"तो तिकडे आहे. लिथुआनियात. तुकडीबरोबर."

पडद्यावर चौकट उघडली: निवडलेली व्यक्ती अनुपस्थित.
खाली आपोआप आलेलं वाक्य तिने वाचलं,
रोज वाचते तसंच, स्वल्पविरामासकट:
"मग, ते घरी केव्हा येतील?"

तिकडे नळ ठिबकत होता.
अकरा थेंब मोजले तिने.
"तुमचे आकडे वर जातात ना," तो म्हणाला,
"मग वर हेच विचारा.
आणि कळलं तर मलाही सांगा."

"नोंदवलं."
कुठे, ते तिला माहीत नव्हतं.

पुन्हा संपर्काची तारीख रिकामी ठेवता येत नाही,
भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही.
नकाराचं बटण होतं, बोटाखालीच.
पण नकार कुठे दिला होता त्याने?
तिने पाहणीचा शेवटचा दिवस टाकला:
रविवार, संध्याकाळी सहा.

शुक्रवारी टीव्हीवर कच्चे आकडे आले.
एक्केचाळीस टक्के, अडतीस टक्के,
टाय लावलेले दोघे मधल्या तीन टक्क्यांवर भांडले.
आलेइदा वाटाण्याचं सूप ढवळत राहिली.
तेवीस वर्षांची मुलं फोनवर सापडत नाहीत,
म्हणून जी सापडतात त्यांच्या शब्दाला वजन देतात,
एकाला तिघांचं.
म्हणजे येल्मर बोलला असता
तर तीन येल्मर मोजले गेले असते.
एक रणगाड्याच्या सावलीत बूट सुकवताना,
एक बंधाऱ्यावरून वाऱ्याविरुद्ध सायकल हाकताना,
आणि एक घरी, केकची सुरी चाटताना
आईची बोलणी खाणारा.
सूप खाली लागलं.

रविवारी पाळीला चौघीच होत्या.
सहाला यंत्राने आपणहून नंबर फिरवला,
त्याला काय, ते विसरत नाही.
तिने घसा साफ केला, खुर्ची ओढली,
"नमस्कार" ओठांवर आणून ठेवलं.
पहिली रिंग. चौथी.
नियमाप्रमाणे आठव्या रिंगला सोडून द्यायचं.
पलीकडची मुलगी कोट चढवत होती.
आलेइदाने हेडफोन दोन्ही हातांनी
कानावर घट्ट दाबून धरला.
नववी.
दहावी.
बारावी.