अधिक साडेचारशे

समा भागात, विश्वामित्रीच्या वळणापासून
दोन गल्ल्या आत, शिर्क्यांचा प्लॉट.
नकाशा मी काढला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत
रेखन : वि. सबनीस.
पालिकेच्या फायलीत अजून असेल ते,
रजाचिठ्ठीच्या जांभळ्या शिक्क्याखाली.

नियमांच्या पुस्तकात एक ओळ होती :
ठाऊक असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या वर
जोतं असावं, अमुक इतकं.
या प्लॉटला त्याचा हिशेब आला
रस्त्यापासून नऊशे मिलिमीटर.
दीडशेची एक धरली तर सहा पायऱ्या.

सहा? म्हणाल्या यमुताई,
माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?
तीन खूप झाल्या.
दिग्विजयनं भरावाचे ट्रक मोजले,
गाडी चढेल का ते बघितलं,
म्हणाला, नदी काय दर वर्षी येते दारात?
मी दोन कळा दाबल्या.
पालिकेच्या कागदावर नऊशेच राहिले.
साइटवर गेला तो दुसरा कागद,
अधिक साडेचारशे.

वेस्ता भाभोर, दाहोदकडचा गवंडी,
काही न बोलता बाभळीकडे बघत होता.
फांदीत दुधाची पिशवी अडकलेली,
त्याच्या छातीइतक्या उंचीवर,
आत सुकलेला गाळ.
ही वाऱ्यानं नाही आली, साहेब.
मग त्यानं पातळीची नळी काढली,
पारदर्शक, पाण्यानं भरलेली,
एक टोक माझ्या हातात दिलं,
दुसरं घेऊन पार मागच्या कुंपणापर्यंत गेला.
पाणी दोन्हीकडे थोडं हललं आणि थांबलं.
मी म्हटलं, बांध दोरी.

नंतरच्या तिसऱ्या ऑगस्टात आजवा भरला.
पाणी आलं तेव्हा आवाज नव्हता.
न्हाणीच्या जाळीतून आधी झुरळं आली,
मग ते.

मी नंतर टेप लावून मोजलं :
आठशेला थांबलं होतं.
म्हणजे घरात साडेतीनशे, पोटरीभर.
म्हणजे नऊशेला
उंबऱ्याखाली चार बोटं कोरडी.

दोन रात्री यमुताई स्वयंपाकाच्या ओट्यावर,
मिक्सर आणि शेगडीच्या मधे,
गुडघे पोटाशी घेऊन.
गल्लीत मगर फिरतेय असं कुणी ओरडलं
आणि मग दिग्विजयही बाहेर पडेना.
तिसऱ्या दिवशी त्यांना ओट्यावरून उतरवायला
चार माणसं लागली. पाय सरळ होईनात.

मी भेटायला गेलो. भिंतीवर ओलीची रेघ
कुणी पट्टी धरून ओढावी इतकी सरळ.
माझ्याही रेघा इतक्या चांगल्या येत नाहीत.
यमुताई रागावल्या नाहीत.
चहा ठेवायला सांगून म्हणाल्या,
तुझ्या कागदावर किती पायऱ्या होत्या रे, खऱ्या?
मी म्हटलं, कागद दोन होते.
त्यांना ते समजलं नाही, किंवा समजलं.
चहात साखर जास्त पडली होती.

फायलीतलं घर कोरडंच आहे.
तिथं गादी फुगली नाही, दारं अडत नाहीत,
तिथं कुणीतरी सहा पायऱ्या चढून जातं, कण्हत.

आणि गुडघ्यांचा नियमही होता.
त्याच पुस्तकात, चाळीसेक पानं पुढे :
बारास एक असा उतार,
मधे दम खायला सपाट जागा, बाजूला कठडा.
नऊशेला अकरा मीटर पुरले असते.
प्लॉटच्या कडेनं वळवून बसत होते, मी आता काढून पाहिलं.
तेव्हा मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

आज हरणी रोडला नवं काम.
वेस्ता तोच, दाढी पांढरी.
नळीचं एक टोक माझ्या हातात,
पाणी अजून हलतंय.
तो कुंपणापाशी उकिडवा बसलाय,
अंगठ्याखाली दोरी धरून विचारतो,
बोला साहेब,
कुठल्या कागदाचं बांधू?