आतला माल

सुगत वाघाडे तहसीलच्या भिंतीला लागून बसतो,
कडुनिंबाखाली, लोकांचे अर्ज टाइप करून देतो.
जुना टाइपरायटर मोडीत गेला तेव्हापासून
म्हाताऱ्यांचा भरवसा उडाला होता.
"वाजत नाही थो कायचा कागद, बाप्पा?"
म्हणून त्यानं नागपूरहून वाजणारा कीबोर्ड आणला,
सेकंडहँड, साडेअठराशेला.
आणि काल कुणीतरी म्हणालं, नकली आहे.

"ताई, खोलून पाहा ना. माल कसा हाये आतून."
माझं दुकान मोटर वाइंडिंगचं.
तांब्याच्या तारेची वेटोळी बाजूला सारून
मी त्याला टेबलावर पालथा घातला.
रबरी पायांखाली चार स्क्रू,
पाचवा स्टिकरखाली:
उघडल्यास हमी संपेल.
हमी आधीच्या मालकाकडेच राहिली असणार.

टोप्या काढल्या, एकेक, चहाच्या गाळणीत.
वर त्यानं चिकटवलेली मराठी अक्षरं.
सगळ्यात गुळगुळीत झालेली डी,
जिच्यावर अक्षराचा पाय मोडतो ती.
एवढे पाय मोडावे लागतात
एका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी.

खाली कापूस.
खरंच, स्पेसच्या लांब कळीखाली
रुईचा पुंजका, करडा पडलेला,
जिनिंगमधून उडून आलेला,
तारेच्या कमानीला गुंडाळून बसलेला.
चिमट्यानं काढला. त्यात एक मुंगी, वाळकी.

पत्रा पोलादी. चुंबक लावून पाहिलं, चिकटलं.
स्प्रिंगा एका उंचीच्या.
मग सर्किटची पाटी उचलली
तर खालच्या प्लॅस्टिकवर, गोंदानं डकवलेली
लोखंडाची एक पट्टी.
कशालाच न जोडलेली.
नुसतं वजन.

"याच्याचसाठी घेतला ना मी," सुगत म्हणाला,
"हातात घेतला त लय भारी लागला."
काट्यावर ठेवली. दोनशे दहा ग्राम.
मला हसू आलं.
मोजायच्या आदल्या रात्री कापसावर पाणी मारतात
तीच करामत,
फक्त कोरडी.

पाटी उलटी करून डाग तपासले.
मशीननं दिलेले, एका मापाचे, पोरांच्या कवायतीसारखे.
एकच वेगळा, तिसऱ्या ओळीत, हातानं दिलेला.
कथील जरा जास्त, पण चकचकीत,
भेग कुठंच नाही.
मशीनचा हुकला असेल,
आणि कुठल्यातरी कारखान्यात, टेबलाच्या टोकाला,
कुणाच्यातरी नजरेला तो पडला
आणि तिनं तो तसाच पुढं जाऊ दिला नाही.
तिनं, असं मीच धरून चालले.
मीही डाग देताना धूर नाकात जाऊ नये म्हणून
श्वास धरते.
आत्ताही धरला होता बहुतेक.

"मंग? खरा का खोटा?"
वजन खोटं आहे, मी म्हटलं.
"अन् बाकी?"
बाकीच्याला मला वाक्य सापडेना.
तो डाग त्याला दाखवला.
त्यानं पाहिला, आणि मान हलवली,
समोरच्याला बरं वाटावं म्हणून हलवतात तशी.

पट्टी काढून टाकू का?
तो बराच वेळ कानाची पाळी ओढत बसला.
"राहू द्या. वाऱ्यानं हालत नाही त्याच्यानं."

सगळं बसवलं. एक स्क्रू उरला, तो नेहमी उरतो.
पैसे किती विचारलं, चाळीस सांगितले, पन्नास दिले,
सुटे नव्हते दोघांकडेही.

कीबोर्ड काखेत धरून तो रस्त्याला लागला.
वायर मागं लोंबत होती,
आणि उजव्या हाताची बोटं
चालता चालता काहीतरी टाइप करत होती.
पानठेल्यावरच्या दोघांनी मान वळवून पाहिलं.
वाजत होतं.