एकशे दहा अंश

ऑर्विल ट्वाइटचा उजवा खांदा
मे महिन्यात पंच्याहत्तर अंशांवर अडकला होता.
मी कोनमापक लावला, आकडा लिहिला.
ध्येयाच्या रकान्यात लिहितात ना,
डोक्यावरून सदरा घालता येणे, तसलं काही,
तर तो म्हणाला: लिही, चोकचेरीची फांदी.

खिडकीतून दिसत होती.
कुंपणापलीकडे, सूरिस नदीच्या उतारावर
पांढरे तुरे आलेली, कुणीच न लावलेली झुडपं.
मी टेप घेऊन गेले, चिखलात उभी राहून
हिशेब केला.
एकशे दहा.

विमा कंपनीने बारा भेटी दिल्या.
फळं पिकतात ऑगस्ट सरताना.
बारावी भेट नऊ जुलैला संपली
अठ्ठ्याण्णववर.

फळं तेव्हा लाल होती. लाल म्हणजे कच्ची,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
एक तोंडात टाकलं नि
जीभ टाळ्याला चिकटली, तोठरा बसला.
तोठरा!
वीस वर्षांत हा शब्द मी उच्चारला नव्हता,
व्हेल्वा गावात तर कुणीच कधी नसेल,
आणि तो तोंडात आयता तयार.
ऑर्विलला अर्थ सांगायला गेले.
राहू दे, म्हणाला, चेहऱ्यावर आहे.

आणि बी चावू नकोस, बीत विष असतं.

आर्डिस भिंतीवरच्या फोटोत
पातेल्यामागे उभी आहे, कोपरापर्यंत जांभळी.
तिची जेली तीन वर्षांतून एकदा जमायची.
नाही जमली की
बरणीवर चिठ्ठी लावायची: सिरप.
'एकोणपन्नास वर्षं,' तो म्हणाला,
'आमच्या घरात काही बिघडलंच नाही.'

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गेले.
फाईल नाही, कोनमापक नाही,
नुसती बादली.
शेंड्याची फळं पाखरांनी कधीच नेली होती,
मधली काळी, टपोरी, धुरकट.
तो उतार उतरला, थांबत, शिव्या देत,
माझा हात न घेता.
मग हात वर केला.

मी पलीकडून फांदी जरा खाली ओढली.
जराच.
वारा होता, वाऱ्याने हलल्यासारखी.

मूठभर फळं बादलीत पडली, पानांसकट.
'किती झाले?' त्याने विचारलं.
'एकशे दहा.'
त्याने माझ्या हाताकडे पाहिलं,
फांदी अजून त्यातच होती.

'सिरप,' तो म्हणाला,
आणि पुढच्या घोसाकडे वळला.