निंबळ्यात निंबळेकर नाहीत

रेवाताई, तुमचा नकाशा पोचला.
आमच्या ग्रामपंचायतीच्या प्रिंटरला शाई नव्हती,
म्हणून विट्याहून रंगीत काढून आणला, बारा रुपये,
आणि पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी
भिंतीला डकवला.
त्रेचाळीस लाल ठिपके.
लेस्टरला एकोणीस, वुल्व्हरहॅम्प्टनला अकरा,
बर्मिंगहॅमच्या सोनारगल्लीभोवती बारा,
आणि वर, पार वर, समुद्राला टेकून
अॅबर्डीनला एक.

तुम्ही विचारलंय, मूळ गावी आता घरं किती.
एकही नाही.
घाबरू नका. पटकी नाही, दुष्काळ नाही, कुणी उठवून लावलं नाही.
निंबळ्यात निंबळेकर कधी नव्हतेच.
इथं हसबे, बाबर, मोहिते,
ओढ्यापलीकडं सावंत, देवळाजवळ दोन घरं गुरव.
गावात राहून गावाचं नाव कोण लावतं?
ते वेस ओलांडल्यावर लागतं,
उन्हात गेल्यावर टोपी लागते तसं.

मलाच बघा. मी हसबे.
पण तालुक्याच्या कचेरीत, अकरा किलोमीटरवर,
शिपाई हाक मारतो, "काय निंबळेकर, आज उशीर?"
संध्याकाळी मुक्कामाच्या एसटीत बसलो
आणि ओढ्याचा पूल मागं पडला
की मी परत हसबे.
म्हणजे नोकरीच्या दिवशी तुमचे त्रेचाळीस, आमच्यात एक,
रविवारी शून्य.

पणजोबा सापडले. बहुतेक.
कोतवाल बुकात, कसर लागलेल्या पानावर, मोडीत:
तुका वल्द बापू. पुढं जात, पुढं तारीख.
आडनावाचा रकानाच नाही.
मोडी मला येत नाही, पलूसच्या एका निवृत्त गुरुजींनी लावून दिली,
त्यांनाही पहिल्या अक्षराची शंका आहे,
तुका की भिका.
तेव्हा हे शपथेवर धरू नका.

आमच्याकडची माणसं सोनं घडवत नाहीत, गाळतात.
सोनाराच्या दुकानातला केर विकत घेतात,
झाडलेली धूळ, मुशीची राख,
हात धुतलेलं पाणीसुद्धा,
आणि त्यातून गुंजभर काहीतरी बाहेर काढतात.
तुमचे पणजोबा तसेच कण्णूरला गेले असणार,
तिथून मोम्बासाला.
धक्क्यावर कुणीतरी विचारलं असेल, कुठला?
हे म्हणाले असतील, निंबळेकर.
विचारलं गाव, लिहिलं आडनाव.
असं मला वाटतं. कागद नाही.

आणि ळ? तो त्याच धक्क्यावर राहिला असावा.
तुमच्या सहीत तो दिसत नाही.
निंबल-कार. शाळेत मुलं चपळ मोटार म्हणून चिडवायची,
तुम्ही लिहिलंय.
इथंही चिडवतात, पण वेगळं:
फलटणचे निंबाळकर काय हो तुम्ही?
नाही बाबा. एक काना कमी.
आणि त्या एका कान्यात किती जमीन बसते
ते सातबारा काढणाऱ्याला विचारा.

निंब आहे. शाळेच्या मागं.
गावाला नाव त्याच्यावरून पडलं, का त्याच्या आज्यावरून, ठाऊक नाही.
फोटो जोडलाय. खाली ग्रामसेवकांची मोटरसायकल आलीय,
तेवढी कापून घ्या.

अजून एक, हे सरकारी नाही.
आमचा दगडू गुरव, गावाला पाणी सोडतो,
काल व्हॉल्व्ह फिरवून हात पुसत आत आला
आणि नकाशापुढं बराच वेळ उभा राहिला.
लेस्टर बघितलं, बर्मिंगहॅम बघितलं, मान हलवली.
मग त्या वरच्या एकट्या ठिपक्यावर ओलं बोट ठेवलं.
म्हणाला, भाऊसाहेब,
ही लाईनीच्या टोकाची तोटी हाय.
हितं प्रेशर पोचतं का?

ठिपका थोडा पसरलाय आता.
तो कोण, एकटाच राहतो का,
तेवढं कळवा.