कोंबडं झाकताना

सोमवारी अकरा गेल्या.
एकीचा नुसता पाय सापडला, खजुराच्या आळ्यात,
बाकीच्यांची पिसं.
अबू माजिद म्हणाले, थालब.
मोफिजुलने हात हलवून शेपटी दाखवली.
मी म्हटलं, कोल्हा.

जाळी होती की. षटकोनी भोकांची, पातळ,
जिला दुकानात सगळे कोंबडीजाळीच म्हणतात.
ती कोंबडीला आत ठेवते.
कोल्ह्याला बाहेर ठेवीन असं तिने कुठे म्हटलंय?
त्याने ती दातांनी उसवली, जुन्या स्वेटरसारखी,
आणि उसवली नाही तिथे स्टेपलरच्या पिनाच सुटून आल्या,
हलणाऱ्या दुधाच्या दातांसारख्या.

सीबहून नवी आणली. अर्ध्या इंचाची, चौकोनी, वेल्ड केलेली.
करंगळी जात नाही तिच्यातून.

मी सळईचा फिटर. सतरा वर्षं.
रुवी, अल खुवैर, सोहारचा पूल.
तारेची गाठ, पकडीने दीड पीळ, तोड, पुढची.
दिवसाला हजार. मग वरून काँक्रीट.
माझी एकही गाठ नंतर कोणी पाहिली नाही,
मीसुद्धा.
पाठ गेली, तेव्हा बरक्याच्या या मळ्यावर आलो.

इथे चौकट लाकडाची. गाठीने भागत नाही.
जाळी आधी ताणायची, वरून खाली,
मग स्क्रू, आणि स्क्रूखाली रुंद वॉशर,
नाहीतर डोकंच भोकातून निसटतं.
वितीवितीवर एक. कोपऱ्यात दोन.
दोन जाळ्या भेटतात तिथे चार बोटं एकमेकींवर,
आणि कडेवरून लाकडाची पट्टी,
म्हणजे नखाला सुरुवात सापडू नये.
त्याला फक्त एक टोक हवं असतं.

खाली हातभर जाळी, बाहेरच्या अंगाला, आडवी पुरली.
कोल्हा भिंतीलगतच उकरतो,
दोन पावलं मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही.
मलाही सुचलं नसतं.

आईकडे नुसतं डालगं होतं, वर जात्याची फुटकी तळी.
म्हणायची, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.
इथे तांबडं दोनदा येतं.
एकदा समुद्राकडून, सगळ्यांना दिसेल असं.
त्याआधी एकदा, अडीचच्या सुमाराला,
चार पायांवर.

पहिल्या रात्री मी बाजेवर जागाच.
बराच वेळ काही नाही, नुसता पंपाचा घरघराट.
मग तार वाजली. एका टोकापासून, हळू,
जशी फोरमन सळयांवरून काठी फिरवायचा.
फोरमन दहातली एक बघायचा.
याने एकही सोडली नाही.
प्रत्येक पट्टी हुंगली, खालची कड दाबून पाहिली,
कोपऱ्यात थांबला.
मला आठवेना, त्या कोपऱ्यात दोन मारले होते की एकच.
उठलो नाही. श्वाससुद्धा बेतानेच.
इतक्या नेटाने माझं काम कोणी तपासलं नव्हतं.

सकाळी वाळूत पावलं, तीन फेऱ्यांची,
आणि उत्तरेच्या बाजूला एका तारेत
चार-पाच तांबूस केस.
मोफिजुलने कोंबड्या मोजल्या. एकोणतीस.
त्याला पटेना, पुन्हा मोजल्या.
केस मी काढले नाहीत.
कोपऱ्यात दोन स्क्रू होते.
तिसरा मारला.